शिकाऊंच्या आडून युनियन फोडण्याचे तंत्र : हवाई वाहतूक नियंत्रकांच्या लढ्याचा धडा

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे तब्बल ४३ दिवस अमेरिकेच्या केंद्र सरकारचे कामकाज अंदाजपत्रकाच्या भांडणापायी बंद होते. विमानतळांच्या मनोऱ्यांत आणि रडार-केंद्रांत बसणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकांना मात्र घरी बसण्याची मुभा नव्हती. त्यांनी कामावर यायचे होते आणि विनावेतन यायचे होते. २८ ऑक्टोबरचा पगार त्यांच्या हाती पडलाच नाही. दिवसभर विमाने सुरक्षित उतरवून रात्री टॅक्सी चालवण्याची, घरोघर जेवण पोचवण्याची पाळी अनेकांवर आली. गैरहजेरी वाढू लागली, तेव्हा सरकारने ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे कमी करण्याचा आदेश काढला. १० नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फर्मावले की ज्यांनी रजा घेतली त्यांचा पगार कापावा आणि ज्यांनी एकही दिवस चुकवला नाही त्यांना दहा हजार डॉलर बक्षीस द्यावे. अखेरीस ते बक्षीस नियंत्रक आणि तंत्रज्ञ मिळून अवघ्या ७७६ जणांच्या वाट्याला आले. बाकीच्या हजारोंना मिळाली ती केवळ धमकी.

भांडवली वृत्तपत्रांनी या साऱ्या प्रकाराचे एका शब्दात निदान करून टाकले : 'तुटवडा'. नियंत्रकांचा तुटवडा आहे, म्हणून विमाने रखडतात, म्हणून माणसे थकतात, म्हणून अपघात होतात. जणू हा तुटवडा पावसाने ओढ दिल्यासारखा आकाशातून आला! या मंडळींना विचारले पाहिजे की हा तुटवडा निर्माण कोणी केला? कधी केला? आणि त्यासाठी कोणते हत्यार वापरले?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. हा तुटवडा युनियन फोडण्याच्या धोरणाचे फळ आहे आणि त्या धोरणाचे मुख्य हत्यार होते शिकाऊ नियंत्रक. शिकाऊचा पगार किती आणि त्याच्या वतीने बोलणार कोण, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. वस्तुतः गेल्या ४५ वर्षांत मालक-सरकारने या क्षेत्रात कामगारांवर जे जे मोठे घाव घातले, ते याच जागी घातले. आपल्या देशातील कामगार चळवळीने हा धडा नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण तेच तंत्र आज आपल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत सर्रास वापरले जात आहे.

३ ऑगस्ट १९८१

अमेरिकन नियंत्रकांची 'पॅटको' ही संघटना १९६८ साली स्थापन झाली. सतत पडद्यावर डोळे, कानात एकाच वेळी अनेक वैमानिकांचे आवाज आणि एका चुकीत शेकडो प्राण जाण्याची टांगती तलवार, असे ते काम. १९७८ साली पुरी झालेल्या बोस्टन विद्यापीठाच्या पाहणीत या कामगारांत रक्तदाबाचा विकार सर्वसामान्यांपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे दिसले होते. म्हणून त्यांची मागणी केवळ पगाराची नव्हती, ३२ तासांच्या आठवड्याची आणि लवकर निवृत्तीचीही होती. १९८१ च्या उन्हाळ्यात सरकारने देऊ केलेला करार सभासदांनी ९५ टक्के मतांनी फेटाळला आणि ३ ऑगस्टला सुमारे १३,००० नियंत्रक संपावर गेले.

राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली. ५ ऑगस्टला ११,००० हून अधिक नियंत्रक बडतर्फ झाले. त्यांना संघराज्य सरकारच्या नोकरीची दारे बंद करण्यात आली. काही स्थानिक पुढाऱ्यांना बेड्या घालून तुरुंगात नेण्यात आले. २२ ऑक्टोबरला पॅटकोची मान्यताच काढून घेण्यात आली. आणि हे ज्यांनी केले त्या रेगन यांनाच १९८० च्या निवडणुकीत पॅटकोच्या नेतृत्वाने पाठिंबा दिला होता! वर्गशत्रूच्या लेखी आश्वासनावर विसंबणाऱ्या नेतृत्वाची याहून कठोर परीक्षा इतिहासाने क्वचितच घेतली असेल.

एवढ्या कुशल कामगारांना एका फटक्यात काढून टाकून विमाने उडवायची कशी? उड्डाणे निम्म्यावर आणली, पर्यवेक्षकांना खुर्चीत बसवले, लष्करातील नियंत्रक आणले. पण हा सारा तात्पुरता टेकू होता. कायमची योजना ओक्लाहोमा सिटी येथील प्रशिक्षण अकादमीत आखली गेली. बेकारीने गांजलेल्या हजारो तरुणांचे अर्ज आले आणि अकादमीचे वर्ग भरभरून चालू लागले. ज्यांनी कधी मनोरा पाहिला नव्हता, ज्यांना कोणतीही संघटना माहीत नव्हती, जे अकादमीत नापास झाले तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येणार होते, अशा शिकाऊंच्या हातून ११,००० कामगारांच्या जागा भरण्यात आल्या.

विमान वैमानिकांच्या युनियनचे सभासद त्या काळात विमाने उडवीतच राहिले. १९ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये लाखोंचा प्रचंड मोर्चा निघाला, परंतु मध्यवर्ती कामगार संघटनेच्या नेतृत्वाने त्या शक्तीला मोर्चापलीकडे नेले नाही. परिणाम साऱ्या अमेरिकन कामगारवर्गाला भोगावा लागला. १९८३ मध्ये ॲरिझोनातील फेल्प्स डॉज तांबे कंपनीने आणि १९८५-८६ मध्ये मिनेसोटातील हॉर्मेल मांस कंपनीने संपकऱ्यांच्या जागी नवी माणसे भरून तोच धडा गिरवला. एक हजारांहून अधिक कामगार सामील असलेले संप अमेरिकेत १९८० साली १८७ झाले होते, १९८८ साली ते अवघ्या ४० वर आले. संप करण्याचा हक्क कागदावर राहिला, पण संपकऱ्याची जागा दुसऱ्याला देण्याची प्रथा रूढ झाली.

संपफोडे म्हणून आणले, युनियन होऊन उभे राहिले

मालक-सरकारचा एक हिशेब मात्र चुकला. शिकाऊ हा जन्मजात संपफोड्या असतो अशी त्यांची समजूत होती, आणि खेदाची गोष्ट ही की आपल्यातलेही काही जण असेच समजतात. प्रत्यक्षात घडले वेगळेच. ज्या खुर्चीने जुन्या नियंत्रकांना लढायला भाग पाडले होते, तीच खुर्ची नव्यांच्या वाट्याला आली होती. तोच ताण, तीच अपुरी माणसे, तीच सक्तीची जादा पाळी, वरिष्ठांची तीच अरेरावी. अवघ्या सहा वर्षांत, जून १९८७ मध्ये, या नव्या नियंत्रकांनी सुमारे ७० टक्के मतांनी 'नॅटका' ही आपली युनियन निवडली. पॅटकोच्या राखेवर बसवलेल्यांनीच पुन्हा युनियन उभी केली.

वर्गजाणीव उपदेशाने येत नाही, ती उत्पादनातील स्थानातून आणि संघटित अनुभवातून येते. १९८१ चे शिकाऊ फितुरीच्या वृत्तीने संप फोडायला आले नव्हते. त्यांना कोणत्याही संघटनेने आधी हात दिला नव्हता, म्हणून ते मालकाच्या हाती सापडले. युनियनने दार उघडे ठेवले नाही की मालक ते आपल्या सोयीने उघडतो, एवढाच याचा अर्थ.

नव्यांचा पगार कापा, जुन्यांना गप्प करा

१९८१ चे दुसरे फळ पंचवीस वर्षांनी हाती आले. जवळजवळ सारी नोकरभरती काही वर्षांच्या अवधीत एकदम झाली, म्हणून निवृत्तीही एकदमच येणार हे उघड होते. या नोकरीत वयाच्या ५६ व्या वर्षी सक्तीने निवृत्त व्हावे लागते. पूर्ण तयार नियंत्रक घडायला दोन-तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. कोणत्याही शहाण्या प्रशासनाने अशा वेळी शिकाऊंची भरती वाढवली असती, त्यांना टिकवणारा पगार दिला असता. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने नेमके उलटे केले.

१९९६ च्या कायद्याने नियंत्रकांना पगारावर वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला होता, पण त्यात एक मेख होती. वाटाघाटी अडल्या तर प्रशासनाने आपला प्रस्ताव संसदेकडे पाठवावा, आणि ६० दिवसांत संसदेने हस्तक्षेप केला नाही तर तो लादावा. ही मेख वापरून सप्टेंबर २००६ मध्ये प्रशासनाने नव्या सेवाशर्ती एकतर्फी लादल्या. त्यांत सर्वांत विषारी तरतूद होती दुहेरी वेतनश्रेणीची. नव्याने येणाऱ्यांची वेतनश्रेणी जुन्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी खाली आणण्यात आली. एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर, तेच विमान हाताळणारे दोन कामगार, पण एकाची किंमत शंभर तर दुसऱ्याची सत्तर!

या तंत्राची चतुराई पाहण्यासारखी आहे. आज सभासद असलेल्यांच्या पगारात सरळ कपात केली तर युनियन पेटून उठेल. म्हणून कपात करायची ती जो अजून आलेलाच नाही त्याच्या पगारात. ज्याला मत नाही, ज्याचा प्रतिनिधी टेबलावर नाही, त्याच्या खिशात हात घालायचा. काही वर्षांत जुने निवृत्त होतात, नवे बहुसंख्य होतात आणि कपात सर्वांचीच होऊन बसते. शिवाय नव्याच्या मनात जुन्याविषयी कायमची अढी राहते की 'यांनी आपला पगार वाचवून आम्हाला विकले'. युनियन आतून पोखरण्यासाठी याहून स्वस्त उपाय नाही.

परिणाम काय झाला? जे निवृत्त होऊ शकत होते ते वैतागून निवृत्त झाले, आणि नव्यांना खेचून घेण्याचे साधनच प्रशासनाने मोडून टाकले. अखेर २००९ मध्ये मध्यस्थांमार्फत नवा करार करावा लागला, आणि २०१२ च्या कायद्याने एकतर्फी लादण्याची ती पळवाट बंद झाली. पण शिकवण्याची साखळी एकदा तुटली की ती आदेशाने सांधता येत नाही. अनुभवी नियंत्रकाशेजारी बसूनच शिकाऊ तयार होतो. अनुभवीच निघून गेले तर शिकवणार कोण?

मनोऱ्यातील एकटा माणूस

ही काटकसर कोणाच्या जिवावर होते? २७ ऑगस्ट २००६ रोजी केंटकीतील लेक्सिंग्टन येथे विमान चुकीच्या धावपट्टीवरून उडताना कोसळले आणि ४९ माणसे मेली. मुख्य दोष वैमानिकांचा ठरला, हे खरे. पण त्या पहाटे मनोऱ्यात दोघे असायला हवे होते तेथे एकच नियंत्रक होता आणि त्याची जेमतेम दोन तास झोप झाली होती. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टन येथे प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ माणसे मेली. त्या वेळीही विमाने आणि हेलिकॉप्टरे ही दोन कामे एकाच नियंत्रकाकडे सोपवलेली होती. अशा अपघातांना अनेक कारणे असतात आणि केवळ माणसांची कमतरता हेच कारण असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की दोन माणसांचे काम एकावर टाकणे हा भांडवलशाहीतील सर्वांत जुना नफ्याचा मार्ग आहे, आणि आकाशात त्याची किंमत प्रवासी मोजतात.

आता सरकारला जाग आली आहे म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अकादमीतील शिकाऊंचा प्रारंभीचा पगार सुमारे ३० टक्क्यांनी वाढवण्याची घोषणा झाली. २००६ मध्ये नव्यांच्या श्रेणीतून जवळपास जेवढे टक्के ओरबाडले, तेवढ्याच टक्क्यांची वाढ १९ वर्षांनी औदार्य म्हणून जाहीर करायची! मे महिन्यात आणखी घोषणा झाल्या : प्रशिक्षण पुरे करणाऱ्याला पाच हजार डॉलर, माणसे न टिकणाऱ्या केंद्रांवर जाणाऱ्याला दहा हजार. पगारवाढीचे स्वागतच आहे. पण पगार आणि बक्षिसी यांत मूलभूत फरक आहे. पगार हा सौद्याने मिळवलेला हक्क असतो, तो निवृत्तिवेतनात धरला जातो, तो सर्वांचा असतो. बक्षिसी मालकाच्या मर्जीने मिळते, ती माणसामाणसांत भेद करते आणि मर्जी फिरली की जाते. नोव्हेंबरातील ७७६ जणांचे बक्षीस हे त्याचे ढळढळीत उदाहरण आहे. आजारी लेकरासाठी एक दिवस रजा घेतलेला नियंत्रक 'देशभक्त' राहिला नाही!

आपल्या देशात

हा सारा प्रकार परदेशातला म्हणून दूर सारता येणार नाही. ज्या महिन्यांत रेगन यांनी नियंत्रकांना चिरडले, त्याच १९८१ च्या जुलैत इंदिरा गांधी सरकारने अत्यावश्यक सेवा अध्यादेश काढला आणि सप्टेंबरात त्याचा कायदा केला. विमानतळ आणि विमानसेवा त्यात अर्थातच होत्या. आपल्या कामगारवर्गाने त्याला १९ जानेवारी १९८२ च्या अखिल भारतीय संपाने उत्तर दिले आणि त्या दिवशी कामगारांनी, शेतमजुरांनी गोळ्या झेलल्या. तो फरक अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आज भारतीय विमानतळ प्राधिकरणात भौतिकशास्त्र व गणिताचा पदवीधर किंवा अभियंता स्पर्धा-परीक्षेतून 'कनिष्ठ कार्यकारी' म्हणून घेतला जातो. प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियात त्याचे प्रशिक्षण होते. मग एखाद्या विमानतळावर अनुभवी नियंत्रकाशेजारी बसून तो परवाना मिळण्याइतका तयार होतो. मूळ वेतन ४०,००० रुपयांपासून सुरू होते. पण आधी त्याने ७ लाख रुपयांचा बाँड लिहून द्यावा लागतो : प्रशिक्षणानंतर तीन वर्षे नोकरी सोडणार नाही. भांडवलशाहीने कामगाराला एकच स्वातंत्र्य दिले होते, ते म्हणजे आपली श्रमशक्ती दुसऱ्याला विकण्याचे. बाँडने तेही तारण ठेवून घेतले. ज्याला सोडून जाता येत नाही त्याला भांडताही येऊ नये, हाच यामागचा हेतू.

आणि त्याच्या वतीने बोलणार कोण? पहिल्या दिवसापासून त्याला 'कार्यकारी' म्हणजे अधिकारी हे नाव चिकटवले जाते. प्राधिकरणातील बिगर-कार्यकारी कामगारांचे वेतन मान्यताप्राप्त युनियनशी वाटाघाटी करून ठरते. अधिकाऱ्यांचे वेतन सार्वजनिक उपक्रमांसाठी केंद्र सरकारने काढलेल्या आदेशाने ठरते. नियंत्रकांची गिल्ड आहे. ती निवेदने देते, धोक्याचे इशारे देते. दिल्ली विमानतळावर नोव्हेंबर २०२५ मध्ये संदेश-यंत्रणा कोलमडून शेकडो विमाने रखडली, तेव्हा यंत्रणा जुनी झाल्याचा इशारा गिल्डने जुलैतच दिला होता असे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही नियंत्रकांची अपुरी संख्या आणि थकवा यांवर बोट ठेवले. पण इशारा देणे वेगळे आणि सौदा करणे वेगळे. कायद्याच्या व्याख्येत 'तांत्रिक' आणि 'परिचालनाचे' काम करणारा कामगार ठरतो. नियंत्रकाचे काम याहून दुसरे काय आहे? तो देखरेख करतो ती कोणावर? विमानांवर!

'साहेब लोकांचा' प्रश्न?

आता काही कॉम्रेड विचारतील की चाळीस हजारांपासून सुरुवात करणाऱ्यांची काळजी आपण का करायची? त्याच विमानतळावर कंत्राटी सफाई कामगार त्याच्या एका तुकड्यावर राबतो, त्याचे काय?

प्रश्न योग्य आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. कंत्राटी सफाई कामगाराचा लढा पहिला आहे आणि राहील. पण वरच्या थरातील कामगार आपले नाहीत असे ठरवून आपण कोणाचे काम करतो? पॅटकोच्या सभासदांनाही वाटत होते की आपण सामान्य कामगारांहून वेगळे, सरकारला आपल्यावाचून चालणार नाही. या कारागिरी अहंकाराने त्यांना एकटे पाडले. इतर कामगार त्यांना 'साहेब' म्हणून दूर राहिले, तेव्हा हे एकाकीपण पुरे झाले. दोन्ही बाजूंच्या या चुकीचा लाभ रेगन यांनी उठवला, आणि मग त्याची किंमत खाणकामगारांनी आणि खाटिकखान्यातील कामगारांनी मोजली. वरच्या थराचा पराभव तिथेच थांबत नाही, तो खाली झिरपतो.

दुसरे असे की शिकाऊचे तंत्र चाळीस हजारवाल्यापुरते मर्यादित नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे कलम १८ स्पष्ट सांगते की शिकाऊ हा 'कामगार' नाही आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. या एका वाक्याच्या आधारे पुण्या-चाकणपासून मानेसर-श्रीपेरुंबुदूरपर्यंतच्या कारखान्यांत यंत्रांवर पूर्ण पाळी राबणारे तरुण विद्यावेतनावर ठेवले जातात. वर्ष संपले की नवी तुकडी येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने संपावर १४ दिवसांच्या नोटिशीची अट घातली आहे आणि निम्म्या कामगारांनी एकदम किरकोळ रजा घेतली तरी तो संप मानला आहे. संहितेच्या विरोधात ९ जुलै २०२५ ला देशव्यापी संप झाला, पुढेही होतील. अशा प्रत्येक वेळी मालक कोणाच्या बळावर यंत्र चालू ठेवण्याचा प्रयत्न करील? शिकाऊंच्याच!

म्हणून मागण्या निःसंदिग्ध असल्या पाहिजेत :

१. शिकाऊला पहिल्या दिवसापासून त्या पदाच्या वेतनश्रेणीचा पगार मिळाला पाहिजे. नव्या-जुन्यांसाठी दुहेरी श्रेणी मान्य करणाऱ्या कोणत्याही करारावर सही होता कामा नये.

२. बाँडची पद्धत रद्द झाली पाहिजे. माणसे टिकवायची तर चांगल्या शर्तींनी टिकवा, दंडाच्या धाकाने नव्हे.

३. शिकाऊला युनियनचे सभासदत्व आणि करारावर मत देण्याचा हक्क मिळाला पाहिजे. यासाठी शिकाऊ उमेदवार कायद्याचे कलम १८ बदलले पाहिजे. पण युनियनांनी कायद्याची वाट न पाहता आपली घटना आजच बदलावी.

४. हवाई वाहतूक नियंत्रकांना कामगार म्हणून सामुदायिक सौद्याचा हक्क मिळाला पाहिजे आणि पाळ्या, विश्रांती, मनोऱ्यातील किमान माणसे हे विषय त्या सौद्यात आले पाहिजेत.

५. हवाई वाहतूक नियंत्रणाचे खासगीकरण कोणत्याही रूपाने होता कामा नये. विमानतळ एकामागून एक अदानींसारख्या मक्तेदारांच्या हाती गेले, थिरुवनंतपुरमचा विमानतळ वाचवण्यासाठी केरळच्या डाव्या आघाडी सरकारने दिलेली न्यायालयीन झुंजही केंद्राने जुमानली नाही. आकाशाचे नियंत्रण तरी जनतेच्या मालकीचे राहिलेच पाहिजे.

आपल्या ज्या ज्या शाखा कारखान्यांत, विमानतळांत, बँकांत, कचेऱ्यांत काम करतात, त्यांनी हा प्रश्न आपल्या पुढच्या सभेत घ्यावा : आपल्या ठिकाणी शिकाऊ किती आहेत? त्यांना पगार काय मिळतो? त्यांच्यापैकी किती जण आपल्या सभेला येतात? उत्तर जर 'एकही नाही' असे असेल, तर दारावर लाल झेंडा फडकत असूनही ते दार मालकासाठी उघडे आहे असे समजावे. १९८१ च्या शिकाऊंना युनियनपर्यंत पोचायला सहा वर्षे लागली, कारण त्यांच्या आधीची युनियन चिरडली गेली होती. आपली युनियन उभी आहे. तिच्यापर्यंत यायला आपल्या शिकाऊंना सहा दिवसही लागू नयेत.